आसिलकानचं पाळीचं पान

माझ्या भावजयीच्या लॅपटॉपवर महिरपी कंसाच्या दोन्ही कळा नव्हत्या. कळांच्या जागी रबराची दोन बोंडं होती, आणि तीही दाबली तर कधी उमटायची, कधी नाही. जावास्क्रिप्टमध्ये महिरपी कंसाशिवाय पान हलत नाही, हे मला तिच्यामुळेच कळलं. तिनं त्यावर उपाय काढला होता. एका कोऱ्या फाइलमध्ये एक उघडता आणि एक मिटता कंस लिहून ठेवला होता, आणि लागेल तेव्हा तिथून उचलून आणायची. दिवसातून शंभरदा तरी.

"वहिनी, शेजारणीकडून चिमूट चिमूट मीठ मागून आणावं तसं चाललंय तुझं," मी म्हटलं.

"शेजारीण देतेय तोवर आणायचं, वन्सं," ती म्हणाली आणि पुढचा कंस आणायला गेली.

आसिलकान ही माझा धाकटा भाऊ झानिश याची बायको. झानिश सहा वर्षं मॉस्कोत आहे, बांधकामावर. लॅपटॉप त्यानंच तिथून कुणाकडून तरी घेऊन पाठवलेला. घरात आमचे बाबा, आसिलकान आणि तिची नऊ वर्षांची मेरिम. दोन घरं सोडून मी. माझं लग्न तीन वर्षांत मोडलं आणि मी तेरेक-बुलाकला माहेरी परत आले. इथल्याच शाळेत भूगोल शिकवते. परत आले ते बरंच झालं, कारण परक्या गावात तोंड मिटून सून म्हणून नांदणं मला जन्मात जमलं नसतं.

आसिलकानला ते जमतं. म्हणजे ती गरीब गाय आहे असं नाही. बोलायचं कुठे आणि गिळायचं कुठे, हे तिला नेमकं कळतं. चौदा वर्षं ती हिवाळाभर गावच्या शेडमध्ये घेवडा निवडायला जायची. आमच्या तालास खोऱ्यात दुसरं पिकतं काय? पांढरा, लाल, ठिपक्यांचा, फुटका, किडका, सगळ्यांचे ढीग वेगळे. बायका हातांनी निवडतात आणि तोंडांनी गावाची लाज काढतात. आसिलकान गप्प बसून निवडायची, आणि संध्याकाळी तिचा ढीग सगळ्यांत मोठा असायचा. पुढे तालास शहरातल्या वाचनालयात फुकटचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला तेव्हा ही आठवड्यातून तीनदा खटारा गाडीत बसून जायला लागली. वर्गात पंधरा जण, त्यात चाळिशी गाठलेली ही एकटीच. शिकवणारा राजधानी बिश्केकचा पोरगा तिला 'काकू' म्हणायचा. यादीतून हवं तेवढं वेचणं आणि लावून ठेवणं त्यानं शिकवलं, तेव्हा बाकीची पोरं डोकं खाजवत होती आणि काकू दहा मिनिटांत मोकळी. घरी येऊन मला म्हणाली, "वन्सं, हा तर घेवडाच आहे."

आता पान कशाचं ते सांगते. पाण्याचं.

डोंगरावरचं बर्फ वितळलं की पाटाला पाणी येतं, आणि आमच्या पाटावर सेहेचाळीस रानं आहेत. कुणी किती वाजता दार उघडायचं आणि किती वाजता लावायचं, हे पाटकरी ठरवतो. आमचा पाटकरी एसेनकुल भला माणूस, पण त्याचं पाळीपत्रक म्हणजे दुकानाच्या दारावर डकवलेला एक कागद. वाऱ्यानं तो उडायचा. वर कुणी अर्धा तास उशिरा दार लावलं की खालच्या सगळ्यांच्या वेळा चुकायच्या, आणि कागदाला ते कळायचं नाही. मग बाचाबाची, मग फावडी उगारणं. शेवटच्या टोकाला तोलोगोन-आकेचं रान आहे; वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही 'आके' म्हणतो. त्या बिचाऱ्याकडे पाणी पोचेपर्यंत पाटात बेडकांपुरतं उरायचं. वरच्या बाजूला कुणीतरी पाळी नसताना दार उचलतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण, हे कुणी बोलत नव्हतं.

आसिलकाननं ठरवलं की हे पत्रक फोनवर आणायचं. तिनं मला समजावलं ते असं. जुन्या पद्धतीच्या पानात एक आकडा बदलला तरी अख्खं पान नव्यानं मागवावं लागतं, आणि आमच्या रानात रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. तिचं पान एकदाच यायचं, सकाळी घरून निघताना उघडलं की झालं. पुढे रेंज गेली तरी ते चालू राहणार, घड्याळाबरोबर पाळ्या पुढे सरकणार, आणि पाटकऱ्यानं 'उशीर' म्हणून बोट लावलं की रेंजच्या पहिल्या झुळकीबरोबर प्रत्येकाच्या फोनवर तेवढाच आकडा बदलणार. बाकी पान जागचं हलणार नाही.

"आणि हे सगळं तू एकटी लिहिणार?"

"सगळं कशाला? फ्रेमवर्क असतं ना. तंबूचा लाकडी सांगाडा तयार मिळतो, वरचा लोकरीचा नमदा तेवढा आपला घालायचा."

नमदा घालायला तिला पाच महिने लागले. शेडवरून आली, गाय पिळली, भाकऱ्या तंदुरात लावल्या, की लॅपटॉप उघडायची. कधी पान नुसतं पांढरं व्हायचं. एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी पांढरं. मग ती एकेक ओळ वाचत बसायची, खडा शोधावा तशी. मी शेजारी बसून वह्या तपासायची आणि तिला चिडवायची. खरं सांगायचं तर मला तिथे बसायला आवडायचं.

मनातून मात्र मला भीती होती. चौदा जूनचं तिचं मॉस्कोचं तिकीट निघालेलं होतं. झानिशच्या ओळखीनं एका गोदामात पॅकिंगचं काम ठरलं होतं. मेरिम माझ्याकडे राहणार, बाबांचंही मीच बघणार. घराघरातून असंच चाललंय आमच्याकडे. आजी-आत्या पोरं वाढवतात आणि आईबाप फोनमध्ये असतात. मेरिम मला जड नव्हती. पण आसिलकाननं जाऊ नये असं मला वाटत होतं, फार वाटत होतं, आणि ते मी तिला एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. माझ्यासारखी तोंडाळ बाई नको तिथे गप्प बसते.

वाट एकच होती. पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष मुकांबेत-आके म्हणाले होते, "पहिल्या पाण्याच्या दिवशी हे चालून दाखव. चाललं तर अकराही पाटांचं काम तुझं, संस्थेत कायमची नोकरी. नाही चाललं तर कागद आहेच." त्या संस्थेत मुकांबेत-आकेंच्या शब्दापुढे कुणी जात नाही. पाटावरचं वरून तिसरं रान त्यांचं.

आता चूक काय झाली ते सांगते. ती दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती.

आमच्यात सून सासरच्या थोरांची नावं तोंडात घेत नाही. सासरे, थोरले दीर, थोरली नणंद, चुलत सासरे, भावकीतले सगळे म्हातारे. आणि आमच्या पाटावर भावकीबाहेरचं कोण आहे? सेहेचाळीसातली एकतीस रानं अशा लोकांची, ज्यांचं नाव आसिलकाननं वीस वर्षांत उच्चारलेलं नाही. सून त्यांच्यासाठी आपली आपण नावं पाडते आणि घरातल्या घरात तीच वापरते. पोरी शहरात शिकायला जाऊन आल्या की आजकाल हे मोडतात. आसिलकाननं मोडलं नव्हतं. कुणी सक्ती केली म्हणून नाही. तिचं तोंडच वळायचं नाही, आणि लॅपटॉपवर बसल्यावर कळलं की बोटंही वळत नाहीत.

कोडमध्ये प्रत्येक रानाला एक खूण द्यावी लागते, जिच्यावरून ते पान त्या माणसाला ओळखतं. त्या एकतीस जणांना तिनं खुणा म्हणून आपली पाडलेली नावं दिली, बाकीच्यांना त्यांचीच नावं. आमचे बाबा आत येण्याआधी बायकांना सावध करायला खोकतात, म्हणून ते 'उंबऱ्याशी खोकणारे'. पाटकरी एसेनकुल 'टोपी विसरणारे'. तोलोगोन-आके 'आभाळ बघणारे'. एक होते 'तीनदा चहा नको म्हणणारे'.

"अंक दे की सरळ. एक, दोन, तीन," मी म्हटलं.

"अंक दिले तर कोण कुठलं ते कळत नाही मला. माणसं आहेत ती, वन्सं."

खरी नावं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी गावची लेक, मला सगळी नावं मोकळी. शाळेच्या संगणकावर बसून मी तक्ता केला: या खुणेपुढे हे नाव. पान उघडल्यावर मागाहून तो तक्ता येणार आणि खुणांच्या जागी खरी नावं लागणार. "जास्तीचं काही घालू नका हं," असं तिनं मला दोनदा बजावलं होतं. पण मला वाटलं, म्हाताऱ्यांना बरं वाटेल. मी प्रत्येकाचा फोटो घातला. टोपीतले, कोटावर पदकं लावलेले, एक तर घोड्यावर बसलेले. शाळेच्या वायफायवर पान झोकात उघडलं. आसिलकानला मी फोटोंचं सांगितलं तेव्हा तिला चाचणीला एकच दिवस उरला होता. तिनं घरी उघडून बघितलं, सगळे फोटो आले, आणि तिनं ते तसेच ठेवले.

पहिल्या पाण्याच्या दिवशी सगळं गाव पाटाच्या मुखाशी जमलं. रिवाजाप्रमाणे मेंढा कापला, कढई चढली, म्हाताऱ्यांसाठी गालिचे पसरले. हात पसरून दुवा मागून झाली. आसिलकान बायकांच्या बाजूला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, नवा रुमाल बांधून. तिची बोटं गार पडली होती. मी हात धरला होता म्हणून मला माहीत. मुकांबेत-आके म्हणाले, "हं, उघडा रे सगळे आपापले फोन. बघू सुनेचा कागद."

पाटाच्या मुखाशी रेंजची एखादी काडी असते. पान आलं. पाळ्या आल्या, वेळा आल्या, चालू पाळी दाखवणारी हिरवी रेघ आली. तक्ता आला नाही. माझ्या त्या फोटोंनी तो इतका जड झाला होता की त्या एका काडीवरून उतरेचना. आणि तक्ता येईपर्यंत खुणाच दाखवायच्या, असं आसिलकाननं आपल्या चाचणीपुरतं कधीतरी लिहिलं होतं, ते काढायचं राहून गेलं होतं.

आधी कुणीतरी पोरकट हसलं. मग एसेनकुलनं डोक्याला हात लावला, तर टोपी नव्हतीच. तिथून जे हसू फुटलं ते गालिच्यावरून गालिच्यावर गेलं. "तीनदा चहा नको, तुम्हाला वाढू का?" "अरे, उंबऱ्याशी खोकणारे कोण, ओळखा." बाबा खोकले, मुद्दाम, आणि माणसं आडवी झाली. माझ्या जर्दाळूच्या तुकड्यापुढे लिहिलेलं होतं 'शाळेची घंटा'. मला राग आला, पण रागावायची ती वेळ नव्हती. आसिलकाननं रुमालाचा पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि तिचे कान लालभडक झाले होते.

मग हसू एकाएकी बंद झालं. वरून तिसऱ्या रानापुढे लिहिलं होतं, 'पहाटे फावडं घेऊन जाणारे'.

गावात अक्कल सगळ्यांना असते. तिसऱ्या रानाची पाळी कधीच पहाटे नसते, दुपारीच असते. पहाटे तिथे फावड्याचं काय काम, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तोलोगोन-आके फोनकडे बघत राहिले. त्यांचा घेवडा गेल्या साली अर्धा वाळला होता.

मुकांबेत-आकेंनी फोन गालिच्यावर पालथा घातला. "हा काय पोरखेळ आहे?" ते म्हणाले. "म्हाताऱ्यांची चेष्टा करायला संस्था आहे का? एसेनकुल, कागद आण. कागद बरा होता."

चौदा जून, गोदाम, मेरिमचं दप्तर माझ्या घरी, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी उठून उभी राहिले. "चूक माझी आहे, आके. फोटो मी घातले. तिनं नको म्हटलं होतं. वहिनी, सरक, मी लिहिते नावं."

"तुम्हाला नाही जमायचं," आसिलकान पदराआडून म्हणाली. "कोडमध्येच घालावी लागतील. एक स्वल्पविराम चुकला तर पान पांढरं होईल."

तिचं खरं होतं. शाळेत मी चौकटींत नावं भरली होती. इथे ती कंसांच्या आणि अवतरणांच्या काट्याकुट्यात घालायची होती, आणि कंसाच्या कळा तर तिच्या तिलाच दबत होत्या. लिहायचं तर तिनंच लिहायचं. सासऱ्यांसमोर, सगळ्या भावकीसमोर, एकतीस नावं आपल्या बोटांनी. तिनं लॅपटॉप पुढे ओढला, कळांवर हात ठेवले आणि ते तसेच राहिले. मी तिच्या शेजारीच होते. तिची बोटं कळांना चिकटल्यासारखी झाली होती. मला त्या क्षणी आमच्या रिवाजाचा संताप आला, आणि तिचाही आला, आणि तिची मायाही आली.

काठी टेकत बाबा उठले. एक्याऐंशी वर्षांचा माणूस गालिच्यावरून उठून बायकांच्या बाजूला आला, ही आमच्यात साधी गोष्ट नाही. ते तिच्यासमोर खाली बसले.

"शेर्गाझी," बाबा म्हणाले. "लिही, सूनबाई."

तिनं मान वर केली नाही.

"नाव मी घेतोय. तू घेतलं नाहीस. तू ऐकलंस आणि तुझ्या बोटांनी ऐकलं. यात दोष कुठे आहे? शेर्गाझी. माझ्या आईनं ठेवलेलं आहे, चांगलं आहे."

आसिलकाननं लिहिलं. हळू, एकेक अक्षर, मेरिम पहिलीत लिहायची तसं. मग दुसऱ्या फाइलमधून कंस उचलून आणला आणि लावला.

"मामंजी, झालं," ती म्हणाली.

बाबांनी मागे वळून बघितलं. "आता या की रे. मी काय एकट्यानंच बारसं करून घेऊ?"

आणि म्हातारे आले. रांग लावून नव्हे; कोण आधी, कोण थोरला, यावरून हुज्जत घालत आले. एसेनकुल आला, "टोपी घरी आहे, नाव बरोबर आणलंय," म्हणाला. चहावाले आले, आपलं नाव सांगून वर म्हणाले, "तीनदा नाही गं, दोनदाच म्हणतो मी." कुणी बापाचं नावही लावून सांगितलं, कुणी अक्षर बघायला चष्मा चढवून वाकलं. तोलोगोन-आके आले तेव्हा ती म्हणाली, "माफ करा, काका." ते म्हणाले, "माफी कसली? पाणी येत नाही म्हटल्यावर माणूस आभाळच बघणार." माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बुरमाकान. नीट लिही, घंटा वाजतेय." तेव्हा ती पहिल्यांदा हसली, पदराआडून का होईना.

तीस नावं झाली. मुकांबेत-आके जागचे हलले नव्हते. हातातला चहा थंड झाला होता. सगळं गाव कुठेतरी दुसरीकडे बघायचा प्रयत्न करत होतं आणि ते कुणालाही जमत नव्हतं.

बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारलं, "मी पहाटे जातो हे तू केव्हा बघितलंस?"

आसिलकान खाली बघून बोलली, पण ऐकू येईल एवढ्यानं बोलली. "नवी नवरी होते तेव्हापासून. गाय पिळायला उठायची तेव्हा तुम्ही जाताना दिसायचात. रोज. मला वाटायचं, एवढे थोर झाले तरी किती राबतात."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं होतं. वीस वर्षं तिनं त्या माणसाला त्या एका नावानं मनात मान दिला होता. मला ते तेव्हाच कळलं आणि मुकांबेत-आकेंनाही कळलं असणार. कुणी हसलं नाही. कढईतलं मटण ढवळणारी बाईही ढवळायची थांबली होती.

"माझी पाळी किती वाजता लागलीय पानावर?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दुपारी दोनला," एसेनकुल म्हणाला.

"मग दोनलाच." त्यांनी चहा कडेला ओतला. "माझं नाव लिहू नकोस, सूनबाई. आहे तेच राहू दे."

"आके, तसं नको..." एसेनकुल मध्ये पडला.

"राहू दे म्हटलं ना. गावानं रोज वाचू दे. मीही वाचीन. यंदा पहाटे कुणी मला फावडं घेऊन जाताना बघितलं, तर ते पान मला दाखवा." मग कपड्यांवरची धूळ झटकत उठले आणि नेहमीच्या अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले, "आणि चालतंय का ते आधी बघू. बोलण्यात पाण्याची वेळ चाललीय."

आसिलकान लॅपटॉप घेऊन टेकाडावर गेली, जिथे रेंजच्या दोन काड्या मिळतात. आम्ही खाली उभे. मग एकेका फोनवर, कुणी बोटही न लावता, नावं बदलायला लागली. बाकी पान जागचं हललं नाही. फक्त 'उंबऱ्याशी खोकणारे' गेलं आणि तिथे 'शेर्गाझी' आलं. "आलो, आलो मी," असं एक म्हातारा फोन उंच धरून म्हणाला. एसेनकुलनं मुख्य दार उचललं. पहिलं पाणी गढूळ, काटक्या घेऊन, पाटात पसरलं, आणि प्रत्येक पानावर हिरवी रेघ पहिल्या रानावर येऊन थांबली. पाटकऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी वेळ विचारली नाही. तो बिचारा कावराबावरा झाला होता.

ती खाली आली तेव्हा मुकांबेत-आके म्हणाले, "सोमवारी संस्थेत ये. अकरा पाट आहेत. आणि संस्थेच्या लॅपटॉपला सगळ्या कळा आहेत."

एसेनकुल मात्र फोनवर काहीतरी शोधत होता. "अगं, एक राहिलं. तेवीस नंबर. 'दूरचे' लिहिलंय इथे. हे कोण?"

तेवीस नंबर म्हणजे आमचंच रान. झानिशच्या वाटणीचं. सरकारी कागदावर त्याचं नाव, आणि आसिलकाननं नवऱ्यालाही खूणच दिली होती. सगळी नावं आली आणि घरचंच राहिलं.

"झानिश लिही," कुणीतरी म्हणालं. "त्याचं नाव घ्यायला काय, नवराच तो."

आसिलकाननं लॅपटॉप उघडला. लिहिलं मात्र काही नाही. ती बाबांकडे बघत होती, आणि सासऱ्यांकडे ती अशी सरळ कधी बघत नाही. सहा वर्षं त्या रानात पाणी कोण धरत होतं, ते आम्हाला तिघांना माहीत होतं. हिवाळ्यात घेवडा निवडून आलेल्या हातांनीच उन्हाळ्यात फावडं धरायचं, आणि सरकारी कागदात नाव लागायचं त्याचं जो क्रेनखाली विटा मोजतोय. मॉस्कोला गेली असती तर तेवीस नंबर आम्ही खंडानं देऊन टाकणार होतो.

बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पाळीपत्रकावर कुणाचं नाव असतं रे, एसेनकुल? कागदावर जमीन ज्याची त्याचं?"

"नाही," एसेनकुल म्हणाला. "दार जो उचलतो त्याचं. नाहीतर हाक कुणाला मारू मी?"

"मग झालं," बाबा म्हणाले.

तिनं लिहिलं. या वेळी हळू नाही, भराभर. कंसही एका दमात बसले, रबराची बोंडं कशी कोण जाणे पहिल्या दाबात उमटली. माझ्या फोनवर तेविसाव्या ओळीतलं 'दूरचे' गेलं आणि तिथे आलं: आसिलकान. मी ते मोठ्यानं वाचलं. तिचं नाव गावात असं मोठ्यानं कुणी घेतलेलं मला आठवत नाही; सगळे तिला सूनबाई म्हणतात, वहिनी म्हणतात, मेरिमची आई म्हणतात. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"आणि तिकिटाचं काय गं?" मी विचारलं. बोलायचं होतं दुसरंच, 'जाऊ नकोस' असं, पण निघालं ते हे.

आसिलकान फोनवरची हिरवी रेघ बघत होती. "ते परत करीन उद्या. झानिशला सांगते, यायचं तर तूच ये." मग रुमालाची गाठ घट्ट करून ती उठली. "वन्सं, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझी पाळी आहे. मामंजींना घरी न्या, मी फावडं घेऊन येते."